सोन्याच्या डबीत मातीची खापरं : पंडित भगवानलाल इंद्रजी आणि आपलं सोपारा

पालघर जिल्ह्यात सध्या जिकडे बघावं तिकडे जमीन खणली जातेय. बोईसर-विरारला बुलेट ट्रेनची स्टेशनं, द्रुतगती महामार्ग, किनाऱ्यावर वाढवण बंदर, आणि नालासोपारा ते डहाणू नव्या इमारतींचे पाये. जेसीबीच्या तोंडाला माती येते आणि मातीबरोबर खापरंही येतात. फुटक्या मडक्याचे काठ, बुडं, कधी एखादा निळसर-हिरवा चकाकणारा तुकडा. डंपर भरतो, तुकडे भरावात जातात, आणि कुणी मागे वळून बघत नाही.

याच जिल्ह्यात सुमारे दीडशे वर्षांपूर्वी एका माणसाने मातीच्या तेरा बारीक तुकड्यांकडे मागे वळून बघितलं होतं. त्यांचं नाव पंडित भगवानलाल इंद्रजी. जुनी लिपी, जुनी नाणी आणि जुने शिलालेख वाचणाऱ्या भारतीयांमध्ये त्यांचं नाव फार वरचं आहे. सोपाऱ्याला आज जगाच्या नकाशावर जे स्थान आहे, त्यात त्यांचा वाटा मोठा. आमच्या बोईसर-तारापूर, चिंचणी, पालघरच्या वाचकांना, खास करून तरुण मुला-मुलींना, ही गोष्ट माहीत असावी असं आम्हाला वाटतं, म्हणून हा लेख.

जुनागढचा मुलगा आणि गिरनारचा दगड

भगवानलालजींचा जन्म 1839 साली सौराष्ट्रात जुनागढला झाला. घर ब्राह्मणाचं, संस्कृत आणि वैद्यकीची परंपरा असलेलं. गावाशेजारी गिरनार डोंगर, आणि डोंगराच्या वाटेवर एक मोठा काळा खडक. त्यावर तीन वेगवेगळ्या काळांतले लेख कोरलेले आहेत : सम्राट अशोकाचे, क्षत्रप रुद्रदामनचा आणि गुप्त राजा स्कंदगुप्ताच्या काळातला. येणारे-जाणारे तो दगड बघत, पण त्यावर लिहिलंय काय हे गावात कुणालाच ठाऊक नव्हतं.

त्याआधी, 1837 च्या सुमारास, कलकत्त्यात जेम्स प्रिन्सेप या इंग्रज अधिकाऱ्याने ब्राह्मी लिपीचं कोडं सोडवलं होतं. त्या अक्षरांचा छापील तक्ता भगवानलालजींच्या हाती लागला. कॉलेज नाही, प्रोफेसर नाही, शिष्यवृत्ती नाही. तक्ता एका हातात, समोर खडक, असं करत त्यांनी एकेक अक्षर ओळखायला सुरुवात केली. इंग्रजीवर त्यांची पकड कधीच बसली नाही. पुढे आयुष्यभर ते गुजरातीत लिहीत राहिले आणि जॉर्ज ब्यूलरसारखे मोठे विद्वान त्यांचं लेखन इंग्रजीत आणत. इंग्रजी येत नाही म्हणून मागे राहिलो असं म्हणणाऱ्या आपल्या मुलांनी हे जरूर लक्षात ठेवावं.

गुजरातच्या इतिहासावर ‘रासमाळा’ लिहिणारे अलेक्झांडर किनलॉक फोर्ब्स यांनी या तरुणाची हुशारी हेरली आणि मुंबईचे डॉ. भाऊ दाजी लाड यांना त्याचं नाव सुचवलं. भाऊ दाजी म्हणजे नावाजलेले डॉक्टर, समाजसुधारक आणि प्राचीन इतिहासाचे गाढे अभ्यासक. 1860 नंतरच्या पहिल्या वर्षांत भगवानलालजी मुंबईला त्यांच्याकडे आले, वयाची पंचविशीही झाली नव्हती तेव्हा.

पायाखाली घातलेला देश

पुढची दहा-बारा वर्षं त्यांनी भाऊ दाजींसाठी देशभर भटकंती केली. अजिंठा, नाशिक, कार्ले, नाणेघाट ही महाराष्ट्रातली लेणी आणि घाट, राजस्थान, मथुरा, अलाहाबाद, बिहार, ओरिसा, वायव्येला पेशावरच्या बाजूचा पठाणी मुलूख आणि उत्तरेला थेट नेपाळ. जिथे लेख आहे तिथे जायचं, दगड पुसायचा, ठसा घ्यायचा, हाताने नक्कल काढायची आणि घरी येऊन पुन्हा पुन्हा पडताळायची.

मथुरेला 1869 मध्ये त्यांना एक लाल दगडाचा सिंहस्तंभशीर्ष मिळाला. शीतलादेवीच्या ओट्याच्या पायऱ्यांत तो बसवून टाकलेला होता. लोक त्यावर पाय ठेवून चढत. त्यावर खरोष्ठी लिपीतला, शक क्षत्रपांच्या घराण्याचा लेख होता. ज्या वस्तूवर सगळे पाय ठेवत होते, तिच्यासमोर हा माणूस थांबला. त्यांच्या आयुष्यात हे वारंवार घडलेलं दिसतं.

1874 साली भाऊ दाजी गेले. त्यानंतर भगवानलालजी स्वतःच्या नावाने लिहू लागले. 1877 मध्ये त्यांनी प्राचीन अंकचिन्हांवर लेख लिहिला. आज आपण जे आकडे लिहितो त्यांची आधीची रूपं कशी होती, हे समजायला त्याने मोठी मदत झाली. 1880 मध्ये नेपाळचे शिलालेख ब्यूलर यांच्यासोबत प्रसिद्ध केले. 1881 मध्ये जेम्स बर्जेस यांच्याबरोबर पश्चिम भारतातल्या लेण्यांच्या लेखांचं पुस्तक आलं. ओरिसातल्या हाथीगुंफेच्या झिजलेल्या लेखातून खारवेल राजाचं नाव नीट वाचलं ते त्यांनीच. हॉलंडच्या लायडन विद्यापीठाने त्यांना मानद डॉक्टरेट दिली. शाळेची डिग्री नसलेला माणूस असा डॉक्टर झाला.

सुबारा, सोपारा आणि बुरुड राजाचा कोट

आता आपल्या दारात येऊ. सोपारा म्हणजे आजचं नालासोपारा, वसई तालुका. 2014 मध्ये ठाणे जिल्हा तुटून पालघर जिल्हा झाला, तेव्हापासून ते आपल्या जिल्ह्यात आहे. संस्कृत ग्रंथांत हे शूर्पारक. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक दर्यावर्दीच्या पुस्तकात कल्याणसोबत याचं नाव येतं. अरब लेखकांकडे ते सुबारा आहे. अल-मसूदी, इब्न हौकल, अल-बिरूनी, अल-इद्रीसी या सगळ्यांनी या बंदराची नोंद घेतली. हजरत सुलैमान अलैहिस्सलाम यांच्यासाठी जिथून सोनं यायचं ते ओफिर म्हणजे सोपाराच, असाही काही विद्वानांचा तर्क आहे. तो सिद्ध झालेला नाही, पण अशा तर्कात नाव यावं एवढं हे गाव जुनं आहे.

सोपाऱ्याजवळ मर्डे गावाच्या हद्दीत एक मोठी टेकाडासारखी जागा होती. गावकरी तिला बुरुड राजाचा कोट म्हणत. टोपल्या विणणाऱ्या कुण्या राजाचा हा किल्ला, अशी समजूत. भगवानलालजी तिथे गेले, आकार बघितला, विटा बघितल्या, आणि हा किल्ला नसून बौद्ध स्तूप आहे हे ओळखलं. त्या काळात सरकारतर्फे जेम्स कॅम्पबेल मुंबई इलाख्याचं गॅझेटिअर तयार करत होते आणि भगवानलालजींची त्यांना मोठी मदत होती. एप्रिल 1882 मध्ये स्तूप मधोमध खणायला घेतला.

स्तूपाच्या पोटात विटांची कोठी लागली आणि कोठीत दगडाची गोल पेटी. पेटी उघडली तर मध्ये तांब्याचा करंडक आणि त्याच्याभोवती बुद्धाच्या आठ छोट्या धातूच्या मूर्ती. तांब्याच्या आत चांदीची डबी. चांदीच्या आत दगडाची. दगडाच्या आत स्फटिकाची. स्फटिकाच्या आत सोन्याची. सोबत सोन्याची असंख्य फुलं, आणि सातवाहन राजा यज्ञ सातकर्णीचं चांदीचं नाणं.

सगळ्यात आतल्या सोन्याच्या डबीत काय असेल? हिरा, माणिक, राजाची अंगठी? त्यात निघाले मातीच्या भांड्याचे तेरा बारीक तुकडे.

दुसरा कुणी असता तर सोनं मोजलं असतं आणि माती झटकून टाकली असती. भगवानलालजींनी उलट बाजूने विचार केला. ज्यांनी सोनं, स्फटिक आणि चांदी नुसत्या वेष्टनासाठी वापरली, त्यांच्या लेखी आतली माती या सगळ्यापेक्षा मोलाची असली पाहिजे. जुन्या बौद्ध कथांत सोपाऱ्याच्या पूर्ण नावाच्या व्यापाऱ्याची गोष्ट येते. तो बुद्धाचा शिष्य झाला आणि त्याच्या बोलावण्यावरून बुद्ध सोपाऱ्याला आले, असं त्या कथा सांगतात. या सगळ्याचा मेळ घालून भगवानलालजींनी अनुमान काढलं की हे तुकडे बुद्धाच्या भिक्षापात्राचे मानून इथे ठेवले गेले. तुकडे खरोखर त्या पात्राचे होते का, हे कुठलीही प्रयोगशाळा सांगू शकणार नाही. पण ज्यांनी ते ठेवले त्यांची श्रद्धा काय होती, ते त्या डब्या स्वच्छ सांगतात. भीक मागायच्या वाडग्याला सोन्याच्या आत जागा देणारा समाज कसा असेल, हे समजायला तेरा खापरं पुरली.

आणखी एक गोष्ट. नाणं दुसऱ्या शतकाच्या आसपासचं, तर मूर्तींची घडण आठव्या-नवव्या शतकातली. म्हणजे स्तूप मध्ये कधीतरी उघडला गेला आणि भक्तिभावाने पुन्हा बंद केला गेला असावा. एकाच पेटीत दोन काळ. कुठली वस्तू कशाच्या शेजारी होती याची नोंद ठेवली म्हणून हे कळलं. नुसत्या वस्तू उचलून नेल्या असत्या तर कळलं नसतं.

त्याच शोधात भातेला तळ्याजवळ त्यांना काळ्या दगडाचा एक तुटका तुकडा मिळाला. अक्षरं ब्राह्मी, लेख अशोकाचा, आठव्या आज्ञेचा भाग. शिकारीच्या सहली सोडून राजाने धर्मयात्रा सुरू केल्या, असा त्या आज्ञेचा विषय. हा दगड आज मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहे. स्तूपातला ठेवा मुंबईच्या एशियाटिक सोसायटीकडे गेला. पुढे 1956 मध्ये याच परिसरात भुईगावला नवव्या आज्ञेचाही तुकडा सापडला.

खापर वाचायची विद्या

भगवानलालजींच्या हयातीत खापरांवरून काळ ठरवायचं शास्त्र जन्मलंच नव्हतं. ते गेल्यानंतर दोन वर्षांनी, 1890 मध्ये, फ्लिंडर्स पेट्री यांनी पॅलेस्टाइनमधल्या एका टेकाडात थरागणिक भांड्यांचे प्रकार कसे बदलतात ते दाखवलं. भारतात 1945 मध्ये मॉर्टिमर व्हीलर यांनी पाँडिचेरीजवळ अरिकामेडूला रोमन भांड्यांच्या तुकड्यांवरून सगळ्या थरांचा काळ बसवला. मग पुण्याच्या डेक्कन कॉलेजात ह. धी. सांकळिया यांनी जोर्वे आणि नेवासा इथल्या खापरांवरून महाराष्ट्रातल्या पहिल्या शेतकऱ्यांचा संसार उभा केला.

यामागचं तत्त्व साधं आहे. सोनं वितळवतात, तांबं पुन्हा ओततात, लाकूड कुजतं, कापड जातं. पण एकदा आव्यात भाजलेली माती फुटते, नष्ट होत नाही. आणि फुटकं मडकं कुणी चोरत नाही, ते जिथल्या तिथे पडतं. काठाच्या वळणावरून भांडं रांजण होतं की वाडगा ते कळतं. आतल्या रेघांवरून चाकावर घडवलं की हाताने, ते कळतं. रंगावरून भट्टीची आंच, मातीतल्या कणांवरून माती कुठली ते कळतं. चकचकीत झिलई असेल तर ती कुठल्या देशाची तेही ओळखता येतं.

सोपाऱ्यातच 1939-40 मध्ये पुरातत्त्व खात्याच्या कुरैशी नावाच्या अधिकाऱ्यांनी स्तूपाभोवती पुन्हा काम केलं, तेव्हा झिलईची मुस्लिम काळातली भांडी मिळाली. म्हणजे स्तूपाच्या आसपासच्या त्याच जमिनीवर पुढे आपल्या पूर्वजांच्या काळातली चूलही पेटली होती.

संजाण, चिंचणी आणि एक मुहम्मद

बोईसरहून गाडीने उत्तरेला निघालं की डहाणू, घोलवड, उंबरगाव आणि मग संजाण. हद्द गुजरातची, पण जुन्या काळी हा सगळा एकच किनारा. 2002 ते 2004 या काळात तिथे उत्खनन झालं. त्यातल्या खापरांचा रुक्षना नानजी यांनी केलेला अभ्यास 2011 मध्ये पुस्तकरूपाने आला. इराक-इराणच्या बाजूची निळी-हिरवी झिलईची भांडी, चिनी भांडी, आणि आखातातून माल आणणारे, आतून डांबर लावलेले, टोकदार बुडाचे लांबट रांजण. तेल किंवा दारू झिरपू नये म्हणून ते डांबर. बसऱ्याकडून निघालेलं गलबत आपल्या खाडीत येत होतं, याचा याहून सरळ पुरावा कुठला?

पण खापर नाव सांगत नाही. नाव सांगितलं चिंचणीने. तारापूरला खेटून असलेल्या चिंचणीत 1955 साली ताम्रपट सापडले आणि दि. चं. सरकार यांनी ते वाचून प्रसिद्ध केले. त्यातला एक राष्ट्रकूट राजा तिसरा इंद्र याच्या काळातला, शके 848 म्हणजे इ.स. 926, हिजरी 314 च्या सुमाराचा. संजाणचा कारभार राष्ट्रकूटांनी एका ताजिकाकडे, म्हणजे अरबाकडे, दिला होता असं तो ताम्रपट सांगतो. त्याचं नाव मधुमती. अभ्यासकांच्या मते हे मुहम्मद या नावाचं संस्कृत रूप. या मुहम्मदने नदीवर फुकट तरी चालू केल्या आणि संजाणला अन्नछत्र काढलं, जिथे भात, कालवण आणि तूप मोफत मिळे. आणि ज्या मठासाठी हे दान दिलं गेलं तो मठ देवीचा होता. त्याच काळात, हिजरी 304 मध्ये, अल-मसूदी आपल्या दक्षिणेला सैमूरला म्हणजे चौलला येऊन गेला आणि तिथे दहा हजारांच्या आसपास मुसलमान राहतात असं त्याने नोंदवलं.

हा ताम्रपट भगवानलालजींना बघायला मिळाला नाही. ते जाऊन तेव्हा 67 वर्षं झाली होती. पण जुनी अक्षरं वाचायची जी वाट त्यांच्या पिढीने पाडली, त्याच वाटेवर तो वाचला गेला.

तुम्ही इथले कधीचे, हा प्रश्न आपल्या मुलांना शाळेत, नोकरीत, सोशल मीडियावर विचारला जातो. त्यावर रागाने उत्तर देऊन काही साधत नाही. ताम्रपटातलं साल आणि थरातलं खापर, हे उत्तर शांत असतं आणि टिकतं. मात्र ते देण्यासाठी आधी खापर जागेवर राहिलं पाहिजे आणि कुणीतरी ते वाचायला शिकलेलं असलं पाहिजे. आणि ते वाचताना आपल्या आवडीचं तेवढंच उचलायचं, असंही चालत नाही. सोपाऱ्याच्या मातीत बुद्धाचा स्तूप आहे, अशोकाचा दगड आहे, सातवाहनाचं नाणं आहे आणि झिलईची भांडीही आहेत. एका थराला आपला म्हणून बाकीचे थर फेकले तर आपलाही थर कळत नाही.

शेवट

भगवानलालजी 16 मार्च 1888 रोजी मुंबईत गेले. वय पन्नाशीच्या आत, मूलबाळ नाही. गुजरातच्या प्राचीन इतिहासाचं मोठं लेखन अपुरं राहिलं, ते इतरांनी पुरं करून 1896 मध्ये गॅझेटिअरमध्ये छापलं. जाताना त्यांनी हस्तलिखितं एशियाटिक सोसायटीला दिली आणि नाणी व मथुरेचा सिंहस्तंभशीर्ष लंडनच्या ब्रिटिश म्युझियमला. आयुष्यभर जमवलेल्या वस्तूंतलं घरात काही ठेवलं नाही. त्या अभ्यासकांच्या हाती जाव्यात एवढंच पाहिलं.

त्यांच्याइतकं आपल्याला जमणार नाही, पण थोडं तरी जमेल. पाया खणताना, विहीर उपसताना, शेत नांगरताना जुनं काही दिसलं तर काम क्षणभर थांबवा. वस्तू उचलण्याआधी मोबाइलवर फोटो काढा, किती खोल आणि कशाच्या शेजारी मिळाली ते लिहा. ॲसिडने धुऊ नका. 1878 च्या कायद्याप्रमाणे जमिनीत पुरलेला, दहा रुपयांहून जास्त मोलाचा ठेवा मिळाला तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवणं बंधनकारक आहे, तेव्हा तहसीलदार कचेरीत लेखी कळवा. मशिदीच्या किंवा दर्ग्याच्या दुरुस्तीत जुना लेख असलेला दगड निघाला तर ट्रस्टींनी त्यावर चुना किंवा ऑइलपेंट मारू नये. जुन्या कब्रस्तानातल्या अरबी-फारसी पाट्यांचे आधी फोटो घ्यावेत, मग साफसफाई. आणि घरातल्या एखाद्या मुलीला किंवा मुलाला इतिहास-पुरातत्त्व शिकायचं असेल तर त्यात काय ठेवलंय म्हणून अडवू नका.

बुरुड राजाचा कोट आजही मर्ड्यात उभा आहे. बोईसर-पालघरहून गाडीने निघालं की विरारच्या पुढचं स्टेशन नालासोपारा. सुट्टीच्या दिवशी मुलांना घेऊन जा. विटांचा तो उंचवटा दाखवा आणि सांगा की इथे सोन्याच्या डबीत माती सापडली होती, आणि जुनागढहून आलेल्या एका पंडिताला त्या मातीची किंमत कळली होती.